तीन अधिक दोन क्ष

मॅनेजरने वही मागितली नसती, तर पंपकाकाने ती आणखी वर्षभर उघडली नसती.

"उद्या हॉस्पिटलची माणसं पाहणीला येणार आहेत," मॅनेजर संध्याकाळी गेटपाशी म्हणाला. "मास्तरीणबाईंची गणिताची वही तेवढी घेऊन या. पाटी आहेच भिंतीवर, पण त्यांच्या हातचं दाखवलं की छाप पडते."

"शोधतो," काका म्हणाला.

शोधायचं काही नव्हतं. वही स्वयंपाकघरात वरच्या फळीवर होती आणि तिच्यावर चष्मा होता. मास्तरणीला जाऊन पाच आठवडे झाले होते. एवढ्या दिवसांत त्याने दोन्हींना हात लावला नव्हता.

मास्तरीण ही त्याची बायको. ती शाळेत शिकवत नव्हती, लॉन्ड्रीत इस्त्री करायची. मोठी लॉन्ड्री होती, हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत. इस्त्रीच्या हॉलमध्ये दहा टेबलं, दहा बाया. चौथं टेबल हिचं. काका त्याच लॉन्ड्रीत पंप चालवायचा. आठवीत शाळा सुटलेली ही बाई पन्नाशी उलटल्यावर उठली आणि संध्याकाळच्या वर्गात दहावीला बसली. मग काय विचारता! बीजगणित सुरू झालं आणि घरातलं काही सुटलं नाही. साबणाच्या वडीवर उदाहरण, दुधाच्या पिशवीवर उदाहरण, नवऱ्यावर तर उठताबसता.

"अहो, तुम्ही म्हणजे स्थिरपद," ती म्हणायची. "इकडचं जग तिकडे झालं तरी बदलायचे नाही."

"आणि तू?"

"मी सहगुणक. कुणाच्या तरी पाठीशी लागल्याशिवाय मला किंमत नाही."

तो फक्त चौथी शिकलेला. पण ती त्याला समोर बसवायची आणि सगळं त्याच्याकडून वदवून घ्यायची. समोर कुणी नसलं की तिला पाठ होत नसे. तिचे तीन प्रश्न ठरलेले होते. राशीत आकडा दिसला की विचारायचं, हा कोण? त्याच्या शेजारचा, तो कोण? आणि शेवटी, क्ष म्हणजे काय धरलं आहे? "तिसरा प्रश्न चुकला," ती म्हणायची, "की बाकीचं सगळं बरोबर येऊनही उत्तर चूक."

हीच मास्तरीण एक दिवस इस्त्री करता करता वर बघत राहिली.

हॉलच्या छपरावर राखीव पाण्याची टाकी होती. तिचा भार एका लोखंडी गर्डरवर, आणि गर्डरचं एक टोक बरोबर चार नंबरच्या टेबलाच्या वर भिंतीत शिरलेलं. गर्डर सगळा हिरव्या रंगाचा. भिंतीला लागून मात्र तिला एक बारीक रेघ दिसली, बिनरंगाची, चकचकीत. जिथपर्यंत भिंत होती तिथपर्यंतच रंग लागलेला. म्हणजे जे आत होतं ते बाहेर आलं होतं. तिने स्टुलावर चढून स्टीलची पट्टी लावली. तीन मिलिमीटर.

पुढच्या आठवड्यात पाच भरले. त्याच्या पुढच्या आठवड्यात सात.

तिने वहीत लिहिलं, ३ + २क्ष. जेवणाच्या सुट्टीत बायांना समजावलं. "तीन म्हणजे आपण बघायला लागायच्या आधीच झालेलं नुकसान. दोन म्हणजे दर वेळी होणारं. आणि क्ष म्हणजे आठवडे."

"म्हणजे माझ्या वजनासारखं," एक नंबरची थोरली म्हणाली. "लग्नाच्या आधीचं स्थिरपद, मग दर बाळंतपणाला अधिक पाच."

ते मॅनेजरच्या कानावर गेलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कागद आवडायचे. त्याने ठेकेदार बोलावला. ठेकेदाराने ठोकून, मोजून सांगितलं की गर्डर भिंतीत पंचाहत्तर मिलिमीटर बसवलेला आहे, त्रेसष्टपर्यंत बाहेर आला तरी धरून राहील, त्याच्यापुढे आपली जबाबदारी नाही. वर्षातून एकदा लॉन्ड्री पंधरा दिवस बंद असायची. ती वेळ मोजणीच्या सव्विसाव्या आठवड्यात येत होती. मॅनेजरने हिशेब मांडला. सव्वीस दुणे बावन्न आणि तीन, पंचावन्न. बंदच्या काळात दुरुस्ती करू, म्हणाला. वर एक पाटी रंगवून घेतली आणि चार नंबरच्या मागे टांगली: "सुरक्षा मोजणी ३ + २क्ष. क्ष = आठवडे. मर्यादा ६३." आल्यागेल्याला तो ती पाटी दाखवायचा. आमच्याकडे इस्त्रीवालीसुद्धा बीजगणित करते, म्हणायचा.

मास्तरीण आठ आठवडे मोजत राहिली. नवव्या आठवड्यात ताप आला. दहाव्यात ती गेली.

तिच्या टेबलावर आता तिची सून उभी राहत होती.

*

काकाने चष्मा बाजूला ठेवला आणि वही उघडली. सून ओट्यापाशी भांडी पुसत होती. मुलगा बाहेरगावी कामाला, म्हणून घरात दोघंच.

पान सापडायला वेळ लागला नाही. तिने एकाखाली एक आकडे लिहिले होते. तीन, पाच, सात, नऊ, अकरा, तेरा. मग सतरा. मग एकोणीस, एकवीस. सतराभोवती पेन्सिलने गोल केला होता, कागद फाटेल इतका दाबून. वर पहिल्या ओळीत "समजा, क्ष = आठवडे" असं होतं. त्यातल्या "आठवडे" शब्दावर काट मारली होती. पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्या सतराची गोष्ट त्याला आठवत होती. मॅनेजर तेव्हा हसला होता. "पट्टी तिरकी धरली असेल मास्तरीणबाई. एवढातेवढा फरक पडतोच." ती घरी येऊन गप्प बसली होती. गप्प बसणं हा तिचा स्वभाव नव्हता.

"बाबा," सून म्हणाली, "आज भरली का टाकी?"

"भरली."

तिने हात पुसले, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि आजच्या तारखेवर पेन्सिलने खूण केली.

काका तिच्याकडे बघत राहिला. हे रोजचंच होतं. मास्तरीण असताना ती विचारायची. तो दारातून आत आला की पाण्याच्या आधी प्रश्न, "भरलीत का टाकी?" हो म्हटलं की कॅलेंडरवर खूण. नवऱ्याच्या कामाची चौकशी करते आहे, असं त्याला वाटायचं. बरं वाटायचं. ती गेल्यावर सून विचारायला लागली.

"तू का करतेस खुणा?" त्याने विचारलं.

"आई करायच्या म्हणून." ती जरा ओशाळली. "मला माहीत नाही कशाला ते. पण बंद करवलं नाही."

काका उठला, कॅलेंडर खिळ्यावरून काढून टेबलावर आणलं आणि वही शेजारी ठेवली.

मोजणी सुरू झाली तेव्हापासून आठवड्याला एक खूण होती. शहराचं पाणी आठवड्यातून एक दिवस बंद असायचं. राखीव टाकी त्या एका दिवसासाठी, म्हणून आठवड्याला एकदाच भरायची. पण सहाव्या आठवड्यात खुणा दोन होत्या. त्या आठवड्यात रस्त्यावरची मोठी पाइप फुटली होती. टाकी त्याने स्वतःच्या हाताने दोनदा भरली होती.

आणि त्याच आठवड्यात तेराचे सतरा झाले होते.

त्याने बोट आधी खुणांवर ठेवलं, मग आकड्यांवर. एक खूण, दोन मिलिमीटर. दोन खुणा, चार. पट्टी तिरकी नव्हती. टाकी भरली की गर्डर वाकतो आणि टोक भिंतीतून ओढलं जातं. रिकामी झाली की गर्डर सरळ होतो, पण टोक काही परत आत जात नाही. आठवडे गेल्याने काहीच होत नव्हतं. जे होत होतं ते टाकी भरल्याने होत होतं. म्हणजे त्याच्या हाताने.

"काय झालं, बाबा?"

 तो कॅलेंडरच्या चालू पानाकडे बघत होता. तीन आठवड्यांपूर्वी लॉन्ड्रीत हॉस्पिटलचं मोठं काम आलं होतं. नवं मशीन बसलं, शहराचं पाणी पुरेना. तेव्हापासून राखीव टाकी रोज भरायची, रोज रिकामी व्हायची. त्या पानावर खुणांची मुंग्यांसारखी रांग लागली होती. आणि त्याच कामासाठी हॉलला पांढरं फॉल्स सीलिंग लावलं होतं, स्वच्छ दिसावं म्हणून. गर्डर त्याच्या वर झाकला गेला होता. त्यानंतर कुणी मोजलंच नव्हतं. पाटीवर गणित होतं ना.

बीजगणित त्याला जमणारं नव्हतं. त्याने पहिल्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "तीन आणि दोन पाच." दुसरी खूण. "सात." सून जवळ येऊन उभी राहिली. तो एकेक खूण करत पुढे गेला. शेवटच्या खुणेवर येऊन थांबला.

"सत्तावन्न."

"त्रेसष्टपर्यंत चालतं ना?" सुनेचा आवाज बारीक झाला होता. "अजून तीन वेळा भरता येईल. उद्या सकाळी साहेबांना दाखवा, ऐकतील ते."

त्याने श्वास सोडला. तीन दिवस म्हणजे काही कमी नव्हते. वही मिटायला हात पुढे केला आणि तेवढ्यात त्याला मधले दोन मोकळे आठवडे दिसले. त्यांच्यावर एकही खूण नव्हती.

मास्तरीण हॉस्पिटलात होती ते आठवडे होते.

तापात पडल्या पडल्या ती तेच विचारायची. "भरलीत का टाकी?" हो म्हटलं की उठून बसायला बघायची, कॅलेंडर मागायची, सलाइनची नळी ओढायची. ताप डोक्यात गेला, असं नर्स म्हणाली. त्यालाही तसंच वाटलं. म्हणून तो म्हणाला, "नाही भरली. तू झोप." दुसऱ्या आठवड्यातही तसंच. "नाही भरली गं. झोप." ती निजली.

दोन्ही वेळा टाकी भरली होती.

"एकोणसाठ," काका म्हणाला. मग थोड्या वेळाने, "एकसष्ट."

उद्याचं भरणं त्रेसष्टावा मिलिमीटर घेऊन येणार होतं.

*

सकाळी तो सुनेला म्हणाला, "तू आज घरी थांब."

"आणि चार नंबरला?"

"कुणी का असेना."

"कुणी का असेना म्हणजे थोरलीची मुलगी असेल, बाबा. मी नसले की तिलाच उभी करतात." तिने चपला घातल्या. "चला."

 लॉन्ड्रीच्या आवारात चादरींच्या गाड्या येऊन लागल्या होत्या. काका पंपघरात गेला, स्टुलावर बसला आणि बटणाला हात लावला नाही. साडेसात झाले. पावणेआठ झाले. शेवटी मॅनेजर आला, नवा शर्ट घालून.

"काका, टाकी रिकामी आहे. आठला मशीन सुरू व्हायचं. झोप लागली काय?"

काकाने कॅलेंडर आणि वही त्याच्यापुढे धरली आणि एका दमात सगळं सांगितलं. तिचे ते दोन आठवडेही सांगितले. ते सांगताना मात्र त्याचा दम तुटला.

मॅनेजरने वही घेतली, पान बघितलं. त्याचा चेहरा जरा मऊ झाला.

"काका, मला समजतं. माझी आई गेली तेव्हा मीही असंच... पण बघा, आज पंधरावा आठवडा. तीन अधिक तीस, तेहेतीस. जेमतेम निम्म्यावर आहोत आपण. ठेकेदाराची सही आहे."

"सही बरोबर आहे. क्ष चुकला आहे."

"आता तुम्हीपण मास्तर झालात का?"

"एक पत्रा काढा वरचा. मी पट्टी लावतो. तेहेतीस निघाले तर आजच्या आज मला कामावरून काढा."

"आज? पाहणी आहे आज! छताला भोक दाखवू त्यांना?" मॅनेजरने वही बगलेत मारली आणि बॉयलरवाल्याला हाक मारली. "ए, पंप सुरू कर. काकांची तब्येत बरी नाही."

बॉयलरवाला खाली मान घालून आत आला. "माफ करा काका," असं पुटपुटला आणि त्याने बटण दाबलं. पंप घुमायला लागला. टाकी भरायला पस्तीस मिनिटं लागत. हे काकापेक्षा जास्त कुणाला माहीत?

त्याने कोपऱ्यातली शिडी उचलली आणि हॉलमध्ये गेला.

बाया टेबलांपाशी उभ्या राहिल्या होत्या. इस्त्र्या तापत होत्या. काकाने शिडी चार नंबरच्या शेजारी भिंतीला लावली.

"काय काका, पाहुणे येणार म्हणून छत पुसताय?" थोरली म्हणाली. त्याचा चेहरा पाहून ती पुढचं बोललीच नाही.

"शिडी धर," तो सुनेला म्हणाला.

वर चढून त्याने फॉल्स सीलिंगच्या पत्र्याला खालून हात घातला आणि ओढला. स्क्रू तुटले, पत्रा खाली आदळला, धूळ पडली. गर्डर समोर होता. हिरव्या रंगापुढे, भिंतीला लागून, नागडं लोखंड चमकत होतं. रेघ नव्हती ती. चार बोटं रुंद होती. भिंतीच्या कडेचा गिलावा पिठासारखा झाला होता आणि गर्डरच्या खालच्या बाजूने सांडत होता; ठेकेदाराच्या त्रेसष्टात हे धरलेलं नव्हतं.

मॅनेजर धावत आला. "खाली उतरा! काय चालवलंय हे!"

काकाने खिशातून तिची स्टीलची पट्टी काढली, भिंतीला टेकवली आणि डोळे बारीक करून वाचली.

"एकसष्टच्या पुढे," तो मोठ्याने म्हणाला.

 त्या बायांनी जेवणाच्या सुट्टीत मास्तरणीचं गणित ऐकलेलं होतं. हा आकडा पाटीवरच्या मर्यादेला किती जवळ आहे, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पंपाचा आवाज भिंतीतून येत होता.

"टाकी आत्ता भरत्येय?" थोरलीने विचारलं.

"भरत्येय," सून म्हणाली.

काकाने पट्टी काढली नव्हती. हात भिंतीला घट्ट टेकलेला होता. पंप घुमत होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर हिरव्या रंगाची कडा पट्टीवरच्या एका बारीक रेघेवरून पुढच्या रेघेवर गेली. हात हलला नव्हता.

"बासष्ट," तो म्हणाला. "बाहेर व्हा. सगळ्या. चपला राहू द्या."

थोरलीने इस्त्री आहे तिथेच सोडली आणि शेजारणीला ढकललं. "चला गं, उठा, पाय उचला! नंतर रडा." बाया आवारात पळाल्या. काका शिडीवरून कसा उतरला ते त्याला नंतर आठवलं नाही. सून शिडी सोडायला तयार नव्हती, तिला त्याने दंडाला धरून ओढलं. मॅनेजर मात्र हॉलच्या मधोमध उभा होता, पाटीकडे बघत. त्याचे ओठ हलत होते. काकाने मागे वळून त्याच्या नव्या शर्टाची कॉलर धरली आणि ढोराला ओढावं तसं त्याला दाराबाहेर काढलं.

"बंद कर पंप!" मॅनेजरच आता किंचाळला. "बंद कर रे!"

बॉयलरवाल्याने बंद केला. एकदम शांत झालं. सगळे आवारात उभे. कुणीतरी हसलंसुद्धा, घाबरून हसतात तसं. टाकी अर्धीच भरली होती. मिनिट गेलं. दुसरं मिनिट गेलं.

"बघा," मॅनेजर म्हणाला, पण काय बघा ते त्याला ठरवता आलं नाही.

आधी एक आवाज झाला, कुणी जाडजूड कापड फाडावं तसा. मग जमीन हादरली. दारातून पाणी, चुना आणि चादरी एकत्रच बाहेर आल्या. आतल्या तापल्या इस्त्र्या पाण्यात चरचरल्या आणि दिवे गेले. धूळ बसल्यावर दारातून दिसलं की गर्डर तिरका उभा आहे, एक टोक अजून समोरच्या भिंतीत, दुसरं चार नंबरच्या टेबलातून आरपार जमिनीत.

सून खाली बसली. थोरलीने तिला पोटाशी धरलं.

मॅनेजरच्या बगलेत वही अजून होती, ओली झाली होती. त्याने ती काकाकडे दिली. "पंधराच आठवडे झाले होते," तो म्हणाला. दोनदा म्हणाला.

*

घरी पोचायला संध्याकाळ झाली. पोलिस, ठेकेदार, मोठे साहेब, सगळ्यांना सगळं सांगून झालं होतं. काकाने ओल्या वहीची पानं सुटी करून ओट्यावर पसरली. कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.

सुनेने चहा ठेवला.  मग न वळताच तिने विचारलं, "बाबा, आज भरली का टाकी?"

"अर्धी."

ती पेन्सिल घेऊन कॅलेंडरपाशी गेली आणि थांबली. "अर्धीची खूण कशी करायची? आईंनी दाखवली नव्हती."

"दे इकडे," तो म्हणाला.

त्याने पेन्सिल घेतली, पण आजच्या तारखेला हात लावला नाही. एक पान मागे गेला. मोकळे आठवडे शोधले. पहिल्यात एक खूण केली. दुसऱ्यात एक खूण केली. पेन्सिल इतकी दाबली होती की टोक मोडलं.

"भरली होती गं," तो कॅलेंडरला म्हणाला. "दोन्ही वेळा भरली होती."

चहा उतू गेला. सुनेने गॅस बंद केला, दुसरी पेन्सिल शोधायला ड्रॉवर उघडला, आणि काका कॅलेंडरपाशी तिथेच उभा राहिला.